ॲलर्जीला वय असतं

जपानमध्ये दर दहा-अकरा वर्षांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची एक मोठी पाहणी होते. जपानी सीडर नावाच्या सरळसोट, सूचिपर्णी झाडाचे परागकण वसंताच्या तोंडाशी हवेत उधळतात. त्यांच्यामुळे कोणाकोणाला शिंकांचा भडिमार होतो, नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, याची ती मोजदाद. २०१९ सालचे आकडे वयाप्रमाणे मांडले, की नजर त्यांवरून हलत नाही. चार वर्षांपर्यंतच्या मुलांत ३.८ टक्के. पाच ते नऊ वयात ३०.१ टक्के. दहा ते एकोणीस वयात ४९.५ टक्के, म्हणजे जवळजवळ दर दुसरं मूल. विशीपासून पन्नाशीपर्यंत आकडा पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस टक्क्यांच्या मध्ये रेंगाळतो, साठीत ३६.९ वर उतरतो आणि सत्तरीपुढे २०.५ वर येतो.

सगळ्या वयांचा एकत्र आकडा ३८.८ टक्के. पाहणी डॉक्टरांच्या घरांतली आहे, म्हणून ती साऱ्या देशाला जशीच्या तशी लावता येत नाही. तरी तेच प्रमाण धरलं, तर जपानमधली जवळपास पाच कोटी माणसं एकाच झाडाच्या परागांनी बेजार होतात.

ॲलर्जी म्हणजे रक्तगटासारखी गोष्ट, एकदा ठरली की ठरली, अशी आपली घट्ट समजूत आहे. ‘मला धुळीची ॲलर्जी आहे’ हे वाक्य आपण ‘माझा गट बी पॉझिटिव्ह आहे’ त्याच सुरात म्हणतो. ती समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत माणसं आयुष्यभर मोजतात. ॲलर्जी सुरू होते, वाढते, ओसरते, कधी पूर्ण जाते, आणि चाळीस वर्षं काहीही न झालेल्या माणसाला एका संध्याकाळी अचानक गाठते. तिला जन्मतारीख असते, आणि पुष्कळदा शेवटची तारीखही.

सुरुवात नवजात बाळापासून करू. ॲलर्जीची मुख्य हस्तक आयजीई नावाची प्रतिपिंडं. आईची आयजीजी जातीची प्रतिपिंडं वार ओलांडून बाळाकडे येतात आणि पहिले काही महिने त्याचं रक्षण करतात. आयजीई मात्र वार ओलांडत नाही. त्यामुळे बाळाच्या नाळेतल्या रक्तात आयजीई जवळजवळ नसतंच. आता ‘जवळजवळ नसतंच’ म्हणजे किती, हे पाहण्यासारखं आहे. प्रयोगशाळा आयजीई एककांत मोजते. एक एकक म्हणजे २.४ नॅनोग्रॅम, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. बाळाच्या एक मिलिलिटर रक्तरसात एका एककाहूनही कमी सापडतं. पण रेणूच मोजायचे ठरवले, तर एका एककात सुमारे ७६० कोटी रेणू भरतात. पृथ्वीवर माणसं आठशे कोटींच्या थोडी वर. वैद्यक ज्याला ‘नगण्य’ म्हणतं, त्याची ही संख्या.

पुढे ती चढत जाते. दहा ते पंधरा वर्षांच्या आसपास आयजीई सर्वांत वर पोहोचतं, मग हळूहळू उतरू लागतं. मोठ्या माणसाच्या अहवालात १०० एकक दिसले, तर एका मिलिलिटरमध्ये ७६ हजार कोटी रेणू झाले. तरीही प्रतिपिंडांच्या सगळ्या जातींत आयजीई सर्वांत दुर्मीळ. त्याच थेंबात आयजीजीचं वजन त्याच्या ४० हजार पट असतं. इतक्या गर्दीत इतकं थोडं असल्यामुळेच ते १९६६-६७ पर्यंत कोणाच्या हाती लागलं नव्हतं. अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ते वेगळं काढलं. रॅगवीड गवताची ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तरसातून मिळवलेले अंश या दोघांनी स्वतःच्या आणि एकमेकांच्या पाठीत टोचून पाहिले, कुठे गांध उठते ते बघायला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये उप्साला इथे गुन्नार योहानसन आणि हान्स बेनिख स्वतंत्रपणे त्याच प्रतिपिंडाशी येऊन पोहोचले. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचं नाव पक्कं केलं.

इतक्या थोड्या ऐवजाचा एवढा गहजब होतो, कारण आयजीई रक्तात फिरत राहत नाही. रक्तातलं निम्मं दोन दिवसांत नाहीसं होतं. पण त्वचेत, नाकात, श्वासनलिकेत, आतड्यात बसलेल्या मास्ट पेशींना चिकटलेलं आयजीई कित्येक आठवडे टिकतं. एकेका मास्ट पेशीवर त्याला बसायला एक लाख ते पाच लाख जागा. शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच परागाच्या किंवा एकाच शेंगदाण्याच्या प्रथिनाने जोडलं, की पेशी आतले हिस्टामिनचे साठे बाहेर ओतते. त्वचाचाचणीत पंधरा-वीस मिनिटांत गांध दिसते ती यामुळे. म्हातारपणी हीच गांध लहान होत जाते.

पण जपानच्या सत्तरीतल्या माणसांचा २०.५ टक्के हा आकडा फक्त म्हातारपणाचा आहे का? इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या एका आकड्यात दोन वयं मिसळली आहेत. एक माणसांचं, दुसरं झाडांचं.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर जपानचे डोंगर उघडेबोडके झाले होते. घरं बांधायला लाकूड हवं, म्हणून १९५० आणि ६० च्या दशकांत सरकारने सीडरची अफाट लागवड केली. आज ही लागवड सुमारे ४४ लाख हेक्टरांवर आहे. आपल्या कोकण विभागाच्या जवळपास दीडपट. सीडर लावल्याबरोबर पराग सोडत नाही. तो भरात यायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. पाच-सहा मिलिमीटरच्या एका नरफुलात सुमारे ४ लाख परागकण असतात. एकेक कण ०.०३ मिलिमीटरचा, एका फुलातले सगळे एका ओळीत लावले, तर ओळ १२ मीटरची होईल. या त्रासाचा पहिला वैद्यकीय अहवाल निक्को भागातून १९६४ साली आला. मग लाखो हेक्टरांवरची एकाच पिढीची झाडं एकदमच वयात आली. एकूण प्रमाण १९९८ साली १६.२ टक्के होतं, २००८ साली २६.५ आणि २०१९ साली ३८.८.

याचा अर्थ असा, की २०१९ साली सत्तरी ओलांडलेली माणसं दहा वर्षांची होती, तेव्हा डोंगरावरची झाडं रोपटी होती. त्यांच्या कोवळ्या वयात हवेत एवढे पराग नव्हतेच. आणि उलट बाजू पाहा. १९९८ साली दहा ते एकोणीस वयाच्या मुलांत प्रमाण १९.७ टक्के होतं. तीच पिढी २०१९ साली तिशीत होती, आणि तिशीचा आकडा आहे ४६.८. एकाच पिढीत वीस वर्षांत दुपटीहून अधिक. मोठं झाल्यावर ॲलर्जी लागत नाही असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. शाळकरी मुलांचं तर विचारूच नका : पाच ते नऊ वयात १९९८ साली ७.५ टक्के, २००८ साली १३.७ आणि २०१९ साली ३०.१. २०२३ साली जपान सरकारने दहा वर्षांत ही लागवड वीस टक्क्यांनी घटवण्याचं आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणण्याचं ठरवलं. त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर तिशीत पोहोचलेलं असेल.

एकाच वयाच्या मुलांतही ठिकाणागणिक ॲलर्जीच्या त्रासाचं प्रमाण किती वेगळं असू शकतं, याचा जगाचा पहिला मोठा नकाशा १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ५६ देश, १५५ केंद्रं, तेरा-चौदा वर्षांची ४,६३,८०१ मुलं. एका केंद्रात आणि दुसऱ्या केंद्रात वीस ते साठ पट फरक. त्या अभ्यासाच्या भारतातल्या केंद्रांत पुणे, अकोला, बोरिवली आणि गोव्यातलं ओर्ली ही नावं आहेत. आपल्याकडच्या शाळांतल्या मुलांनीही त्या प्रश्नावल्या भरून या नकाशात भर घातली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता शेंगदाण्याकडे वळू. ॲलर्जीच्या साऱ्या विज्ञानात याच्याइतकी थक्क करणारी आकड्यांची कथा मला दुसरी माहीत नाही.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांतल्या सर्वांत संवेदनशील एक टक्का माणसांना त्रास व्हायला ०.२ मिलिग्रॅम प्रथिन पुरतं. एका टपोऱ्या दाण्यात साधारण पाव ग्रॅम प्रथिन असतं. म्हणजे एका दाण्याचे साडेबाराशे भाग केले, तर त्यातला एक. ज्या घरात कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट, उपासाच्या खिचडीत कूट, त्या घरात हवेत, ओट्यावर, हाताच्या बोटांवर याहून अधिक सहज सापडेल.

इंग्लंड-अमेरिकेत नव्वदच्या दशकात ही ॲलर्जी वाढताना दिसली, तेव्हा डॉक्टरांनी जे सुचवलं ते तर्काला धरूनच वाटत होतं. इंग्लंडमध्ये १९९८ साली सल्ला निघाला, की ज्या घरात ॲलर्जीची परंपरा आहे तिथे मुलाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २००० साली तसंच सांगितलं. आईबापांनी मनापासून पाळलं. ॲलर्जी वाढतच राहिली.

लंडनचे डॉ. गिडियन लॅक त्या सुमारास तेल अवीवला व्याख्यानाला गेले होते. श्रोत्यांत सुमारे दोनशे डॉक्टर. गेल्या वर्षभरात शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा रुग्ण कोणी कोणी पाहिला, असं त्यांनी विचारलं. लंडनमध्ये हा प्रश्न विचारला, तर जवळपास सगळे हात वर जातात. इथे दोन-तीन गेले. इस्रायलमध्ये बाळांना शेंगदाण्याचा एक कुरकुरीत, तोंडात विरघळणारा खाऊ अगदी लवकर देतात. लॅक आणि सहकाऱ्यांनी दोन्ही देशांतल्या ज्यू मुलांची तुलना केली, म्हणजे वंशाचा फरक मधे यायला नको. २००८ साली निकाल आला : इंग्लंडमध्ये १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. जवळपास अकरा पट. नऊ महिन्यांच्या वयात इस्रायलमधली ६९ टक्के बाळं शेंगदाणा खात होती, इंग्लंडमधली १० टक्के.

निव्वळ तुलनेवर विसंबायचं नाही, म्हणून मग प्रयोग झाला. चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं निवडली. सगळ्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी, म्हणजे धोका सर्वाधिक असलेली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटाने पाच वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा टाळायचा, दुसऱ्याने आठवड्याला किमान सहा ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन खायचं. २०१५ साली निकाल जाहीर झाले. टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. चौदा टक्क्यांच्या या फरकाने जगभरचे सल्ले उलटे झाले.

मी थोडा हिशेब केला. बाळ आठ महिन्यांचं असल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत सुमारे सव्वादोनशे आठवडे भरतात. आठवड्याला सहा ग्रॅम, म्हणजे एकूण साधारण १.३५ किलो निव्वळ प्रथिन. दाण्यांच्या मापात पाच किलोंच्या वर. ज्या ०.२ मिलिग्रॅमने सर्वांत हळव्या माणसांना त्रास होतो, त्याच्या सुमारे ६७ लाख पट. एवढं खाऊन त्यांतली बहुतेक मुलं सुरक्षित राहिली, आणि ज्यांना कणभरही दिलं नाही त्यांच्यातली दर सहामधली एक घातक ॲलर्जी घेऊन वाढली. प्रमाण निर्णायक ठरलं नाही. कोणत्या वयात आणि कोणत्या वाटेने, हे निर्णायक ठरलं.

वाटेचं असं, की तोंडावाटे आतड्यात गेलेलं प्रथिन शरीर अन्न म्हणून ओळखायला शिकतं. आतड्याचं अस्तर पसरलं तर सुमारे ३२ चौरस मीटर भरतं, आणि तिथल्या संरक्षक पेशींचं रोजचं काम म्हणजे परक्या प्रथिनांना निमूट सामावून घेणं. त्वचा दीड-दोन चौरस मीटर, पण तिथून आत शिरणारं सहसा जंतू किंवा जखम, त्यामुळे तिथला पहारा कडक. इसबाने फुटलेल्या कोवळ्या कातडीतून घरातल्या धुळीतलं दाण्याचं प्रथिन आधी शिरलं आणि तोंडातून मात्र कधी गेलंच नाही, तर शरीर त्याला शत्रू समजतं. टाळण्याच्या सल्ल्याने नेमकं हेच घडलं : तोंडाची वाट बंद केली, कातडीची उघडी राहिली.

प्रयोगातल्या त्या मुलांपैकी ५०८ जणांना पुढे तेराव्या वर्षाच्या आसपास पुन्हा तपासलं. सहाव्या वर्षानंतर कोणी किती खावं यावर कसलंही बंधन नव्हतं. २०२४ चे आकडे : लहानपणी खाल्लेल्यांत ४.४ टक्के, टाळलेल्यांत १५.४ टक्के. पहिल्या पाच वर्षांत शिकलेलं शरीराने तारुण्याच्या उंबरठ्यापर्यंत जपलं. आपल्याकडे उष्टावण सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास करतात, म्हणजे वयाच्या त्याच खिडकीत. मात्र अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकून जीव जाऊ शकतो, म्हणून द्यायचं ते पातळ केलेलं किंवा अगदी बारीक कूट मिसळलेलं. आणि बाळाला तीव्र इसब असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून.

ज्यांना बालपणी ॲलर्जी होते, त्यांचं पुढे काय? ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पाच हजारांवर बाळांना वर्षाच्या वयात तपासलं आणि संशय आला तिथे दवाखान्यात प्रत्यक्ष पदार्थ खाऊ घालून खात्री केली. दहा टक्क्यांहून अधिक बाळांना कुठल्यातरी पदार्थाची खरी ॲलर्जी निघाली. सहाव्या वर्षापर्यंत अंड्याची ॲलर्जी असलेल्यांतली ८९ टक्के मुलं त्यातून बाहेर पडली. शेंगदाण्याच्या बाबतीत २९ टक्केच. दूध, अंडं, गहू, सोया बहुतेकांना सोडतात. शेंगदाणा, काजू-अक्रोड, मासे, कोळंबी सहसा सोडत नाहीत. ज्या आईने दोन वर्षांच्या लेकराला अंडं खाल्ल्यावर निळं पडताना पाहिलं, ती पुढे दहा वर्षं त्याच्या ताटात अंडं येऊ देत नाही. तिची भीती खरी आहे. पण दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत ती भीती ॲलर्जीहून जास्त वर्षं टिकते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा तपासणी व्हायला हवी.

रक्ताच्या अहवालावरही आंधळा विश्वास नको. कर्नाटकात मोठ्या माणसांच्या एका अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. खाल्ल्यावर खरोखर त्रास होणारे मात्र १.२ टक्के. हा अभ्यास ज्या मोठ्या प्रकल्पाचा भाग होता, त्यात भारतातल्या मुलांचं प्रमाण तर ०.१४ टक्के निघालं, जिथे हाँगकाँगमध्ये ते १.५ टक्के होतं. अहवालात ‘पॉझिटिव्ह’ दिसलं म्हणून दूध, डाळ, वांगं, टोमॅटो असं सगळं बंद केलेली मुलं मी पाहिली आहेत. हडकलेली, जेवणाच्या वेळी घाबरलेली. त्या चाचणीतून संवेदनशीलता कळते, आजार कळत नाही. बावीस आणि एक, एवढा त्या दोहोंतला फरक.

आता मोठ्यांकडे. अमेरिकेत ४०,४४३ प्रौढांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. १०.८ टक्के लोकांना पटण्याजोगी अन्न-ॲलर्जी, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना, ४८ टक्क्यांना, किमान एक ॲलर्जी वयात आल्यानंतर लागलेली. सर्वांत वर शेंगदाणा नव्हता. कोळंबी, खेकडे, शिंपल्या होत्या : २.९ टक्के, म्हणजे सुमारे ७२ लाख माणसं. मालवण-रत्नागिरीकडे किंवा गोव्यात एखादा माणूस सांगतो, ‘जन्मभर सुंगटं खाल्ली, पन्नाशीला अंगावर पित्त उठायला लागलं’, तेव्हा घरचे म्हणतात, आज शिळी असतील. तो खरं बोलत असतो.

यामागची एक वाट चकित करणारी आहे. कोळंबीच्या स्नायूत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, आणि अगदी तसंच प्रथिन आपल्या गादी-उशीत राहणाऱ्या धूळ-किड्यांत. हे किडे पाव-अर्धा मिलिमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे, आठ पायांचे. एकेक किडा दिवसाला सुमारे वीस लेंड्या टाकतो, आणि त्याच सुकून हवेत उडतात. एक ग्रॅम धुळीत शंभर किडे असले, तर माणसाच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध आयजीई तयार होण्याचा धोका सुरू होतो. पाचशेवर गेले, की दम्याच्या झटक्यांचा. दमट किनारपट्टीवर त्यांना हवं तसं हवामान बाराही महिने. वर्षानुवर्षं उशीतून किड्यांशी वैर धरलेलं शरीर एके दिवशी ताटातली कोळंबीही त्याच गोत्रातली म्हणून ओळखतं.

त्याहून विलक्षण गोष्ट मांसाची. अमेरिकेत सेटुक्सिमॅब नावाचं कर्करोगाचं औषध काही राज्यांत पहिल्याच मात्रेला घातक ठरत होतं; टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात २२ टक्के रुग्णांना तीव्र झटका, ईशान्येत एक टक्क्याहून कमी. व्हर्जिनिया विद्यापीठातले थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि सहकारी यांनी शोधलं, की या रुग्णांच्या रक्तात त्या औषधातल्या अल्फा-गॅल नावाच्या एका साखरेविरुद्ध आयजीई आधीपासूनच होतं. ही साखर गाय, डुक्कर, शेळी-मेंढी अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत असते. माणसात नाही, आपल्या वानर-पूर्वजांनी ती सुमारे दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी गमावली. आणि तिच्याविरुद्ध शरीराला चेतवणारी होती एक गोचीड. गोचीड चावल्यावर काही आठवड्यांनी मटण-बीफ खाल्लं, की दोन ते सहा तासांनी, बहुधा मध्यरात्री, झटका. प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाही २००७ साली रानात फिरताना गोचिडी चावल्या आणि पुढे हाच त्रास झाला. २०१० ते २०२२ या काळात अमेरिकेत १,१०,००० वर संशयित रुग्ण नोंदले गेले. खरा आकडा साडेचार लाखांपर्यंत असू शकेल असा तिथल्या रोग नियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावलेली एक साखर, आणि चाळीस वर्षांच्या माणसाचं जेवण कायमचं बदलतं.

आपल्याकडचा दाखला रस्त्याच्या कडेला उभा आहे. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, पुण्यात १९५० च्या दशकात दिसलं, आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद झाली. एका झाडाचे परागकण सरासरी ६२ कोटी ४० लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. एकाच झाडाचे पराग वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच येतील. देशभरातला त्याचा पसारा साडेतीन कोटी हेक्टरांवर असल्याचा कृषी शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून जास्त.

या गवताने होणारा त्वचारोग आयजीईचा नाही. तो टी-पेशींचा, सावकाश चढणारा. त्याची पट्टी-चाचणी वाचायला दोन-तीन दिवस थांबावं लागतं. लहान मुलांत तो क्वचित दिसतो. दिसतो तो तिशी-चाळिशी ओलांडलेल्या शेतकऱ्यांत, मजुरांत, बांधावर खुरपं घेऊन बसणाऱ्यांत. आधी पापण्या, मान, कोपराचे आतले भाग लाल होतात, खाज सुटते. मग कातडी जाड, काळी, सुरकुतलेली होते, आणि वर्षागणिक पावसाळ्यात पुन्हा भडकते. बालपणापासून त्या गवतात वावरलेल्या माणसाला चाळिशीत हे व्हावं, याचं कारण वर्षानुवर्षांचा संपर्क. अशा माणसाला शहाणा त्वचारोगतज्ज्ञ शेवटी काम बदला म्हणून सांगतो. दोन एकर कोरडवाहू असलेल्याने कोणतं काम बदलायचं? आकड्यांच्या या गोष्टीत हा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो.

उरली ती सर्वांत जास्त माणसांच्या कागदपत्रांत लिहिलेली ॲलर्जी, पेनिसिलीनची. अमेरिकेत दर दहामधल्या एकाच्या फायलीत ती असते. सुमारे ३ कोटी २० लाख माणसं. नीट तपासलं, तर पंचाण्णव टक्क्यांहून अधिक लोक पेनिसिलीन सहज पचवतात. काहींना मुळात ॲलर्जी नव्हतीच. लहानपणी विषाणूच्या तापात उठलेलं पुरळ औषधाच्या नावावर जमा झालं. आणि ज्यांना खरोखर आयजीईची ॲलर्जी होती, त्यांतल्या सुमारे ऐंशी टक्क्यांची दहा वर्षांत निघून जाते. शिक्का मात्र जात नाही, आणि तो निरुपद्रवी नाही. ब्रिटनमधल्या ६४ हजारांवर शिक्काधारकांची त्याच वयाच्या, शिक्का नसलेल्या लोकांशी २०१८ साली तुलना झाली. पर्यायी औषधं घ्यावी लागल्यामुळे शिक्काधारकांत हट्टी, औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंचा धोका ६९ टक्क्यांनी जास्त निघाला.

मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०२० साली या शिक्क्यांची छाननी करायला तीन प्रश्नांची एक साधी गुणपद्धत मांडली. त्रास होऊन पाच वर्षं किंवा त्याहून कमी काळ झाला असेल, तर दोन गुण. घशाला-चेहऱ्याला सूज, श्वास कोंडणं किंवा त्वचेची गंभीर प्रतिक्रिया असेल, तर दोन. उपचार करावे लागले असतील, तर एक. बेरीज तीनहून कमी आली, तर धोका पाच टक्क्यांच्या आत. अशा कमी धोक्याच्या प्रौढांना पुढे त्वचाचाचणी न करता रुग्णालयात थेट पेनिसिलीनची गोळी देऊन पाहिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात थेट गोळी घेतलेले १८७ जण होते. तासाभरात ॲलर्जीची प्रतिक्रिया आली ती एकाला. बाकी बहुतेकांच्या फायलीतली ती ओळ खोडता आली.